किताबाविना राहिलेले मुष्टियोद्धे

मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटातील, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील, जगज्जेत्यांची एक यादी असते. सलिव्हन, कॉर्बेट, जॅक जॉन्सन, डेम्प्सी, जो लुई अशी नावे तीत ओळीने येतात. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते त्या यादीत नसलेल्या काही माणसांविषयी. किताबाच्या लढतीत ती हरली, म्हणून यादीत नाहीत असे नव्हे. त्या लढतीसाठी त्यांना उभेच राहू दिले नाही, म्हणून ती यादीत नाहीत.

असे घडते तरी कसे? धावण्याच्या शर्यतीत जो आधी पोचेल तो पहिला. मुष्टियुद्धाची रीत निराळी. जो जगज्जेता असेल, त्याला हरवले तरच किताब मिळायचा. आणि तोच म्हणाला, ‘मी याच्याशी लढत नाही’, तर? त्या काळी त्याला भाग पाडणारे फारसे कोणी नव्हते. आपल्याकडे जत्रेच्या फडात जोड लागते, मग कुस्ती होते. जोडच लागली नाही, तर अंगात कितीही बळ असून पैलवानाने करायचे काय?

पीटर जॅक्सनचे असेच झाले. हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावर जन्मला आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेला. १८८६ साली तो त्या देशाचा हेवीवेट विजेता झाला आणि पुढे अमेरिकेत आला. तेव्हा जॉन सलिव्हन जगज्जेता होता. आपण काळ्या माणसाशी लढणार नाही, असे त्याने उघड सांगून टाकले. १८९१ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला जॅक्सन जेम्स कॉर्बेटशी लढला. किती फेऱ्या? तब्बल ६१! दोघांचेही हात उचलेनात, तेव्हा पंचांनी निकाल न देताच सामना थांबवला. पुढच्याच वर्षी सलिव्हनने याच कॉर्बेटशी सामना घेतला. कॉर्बेट गोरा होता. त्याने सलिव्हनला हरवले आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनच्या वाट्याला किताबाचा सामना कधीच आला नाही. १९०१ साली तो ऑस्ट्रेलियात क्षयाने वारला.

दुसरा सॅम लँगफर्ड. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताचा. उंची साडेपाच फुटांहून जेमतेम जास्त. पण आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड गड्यांना तो आडवे करी. १९०६ साली तो जॅक जॉन्सनशी १५ फेऱ्या लढला आणि हरला. जॉन्सनचे वजन त्याच्यापेक्षा सुमारे तीस पौंडांनी अधिक होते. दोन वर्षांनी, १९०८ साली, सिडनी येथे जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. आता तरी लँगफर्डला वाट मोकळी झाली असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. या काळ्या जगज्जेत्याला गोऱ्याने लोळवावे, हेच पाहायला गर्दी उत्सुक होती आणि तिकिटांचा पैसाही तिथेच होता. शिवाय लँगफर्डशी लढण्यात धोका होता, तो वेगळाच. १९१३ साली पॅरिसला जॉन्सनने जिम जॉन्सन नावाच्या दुसऱ्या एका काळ्या मुष्टियोद्ध्याशी किताबाचा सामना खेळला खरा. लँगफर्डशी मात्र नाही.

मग ही माणसे करीत काय? पोटासाठी आपापसातच लढत. जो जेनेट आणि सॅम मॅकव्ही हे दोघे १९०९ साली पॅरिसला ४९ फेऱ्या झुंजले. लँगफर्ड आणि हॅरी विल्स तर पंधराहून अधिक वेळा एकमेकांसमोर आले. ठोसे खाऊन खाऊन लँगफर्डची दृष्टी गेली. नीटसे दिसेनासे झाल्यावरही तो लढतच होता. १९४४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका वार्ताहराला तो सापडला, तो आंधळा आणि कफल्लक अवस्थेत. त्याची हकीकत छापून आल्यावर लोकांनी निधी जमवला. १९५६ साली तो वारला.

हॅरी विल्सची तऱ्हा आणखी निराळी. १९१५ साली जॅक जॉन्सन हरल्यावर काळ्यांसाठी दार पुन्हा बंद झाले होते. विल्स वर्षानुवर्षे डेम्प्सीला आव्हान देत राहिला. डेम्प्सीने आधी विल्सशी लढावे, असा न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने आग्रह धरला. तेव्हा १९२६ साली डेम्प्सीचा जीन टनीशी ठरलेला सामना फिलाडेल्फियाला नेण्यात आला! विल्स तोवर सदतिशीचा झाला होता. बंद दार उघडले ते १९३७ साली, जो लुईने किताब जिंकला तेव्हा. मधे २२ वर्षे गेली होती.

खेळाच्या मैदानात जात-वर्ण चालत नाही, तिथे फक्त गुण चालतो, असे आपण मुलांना सांगतो. रिंगणाच्या दोरांच्या आत ते बरेचसे खरेही असते. पण आत कोणी यायचे, हे बाहेर ठरते. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे : विजेत्यांची यादी मुलांकडून पाठ करून घ्याल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. या स्पर्धेत उतरण्याची मुभा कोणाला होती, आणि कोणाला नव्हती? मग पीटर जॅक्सन, सॅम लँगफर्ड आणि हॅरी विल्स ही नावेही त्यांना सांगा.