बैठक कोणाच्या घरी?

आम्ही नागपूरच्या धंतोलीतून बोलत आहोत. दवाखान्याच्या निमित्ताने तुमच्यापैकी पुष्कळ जणी इकडे येऊन गेल्या असतील. धंतोलीला लागूनच काँग्रेसनगर आहे. 1920 च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे मोठे अधिवेशन भरले होते, त्यावरून या वस्तीचे नाव पडले. देशभरातून 14 हजारांवर प्रतिनिधी आले होते.

गांधीजींच्या पुढाकाराने तेव्हा काही मोठ्या गोष्टी ठरल्या. स्वराज्य मिळवायचे ते शांततेच्या आणि न्याय्य मार्गाने. सभासदाची वर्गणी वर्षाला चार आणे. सावकार असो की शेतमजूर, रक्कम तीच. आणि अस्पृश्यतेचा कलंक पुसण्यासाठी खास प्रयत्न करायचे.

पण ठराव झाला म्हणून दार उघडत नाही. पुढे सहा वर्षांनी, 20 मार्च 1927 ला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पाणी प्यायले म्हणून लोकांना मार खावा लागला. तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलटा हात उचलू दिला नाही. जुलै 1928 मध्ये वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सगळ्यांसाठी खुले केले. जातभाईंचा राग पत्करला, पण मागे हटले नाहीत. देव सगळ्यांचा आहे असे मानायचे, तर देवळाचे दारही सगळ्यांचे असले पाहिजे, एवढी ती साधी गोष्ट होती.

ज्यांच्यासाठी दारे उघडलीच नाहीत, त्यांनी आपली वाट धरली. 14 ऑक्टोबर 1956 ला याच नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला. ती दीक्षाभूमी आमच्या धंतोलीपासून जवळच आहे. म्हणून आम्ही म्हणतो, श्रद्धा जिची तिची. कोणी देवापुढे दिवा लावेल, कोणी बुद्धवंदना म्हणेल. माणूस म्हणून मान मात्र सारखाच हवा.

आता आपल्या बचत गटाकडे बघू. आपलीही वर्गणी सगळ्यांना सारखी असते. पण बैठक कोणाच्या घरी होते? पाळी सगळ्यांची येते, की एका वस्तीतल्या बाईची पाळी दरवेळी टळते? विचारले तर उत्तर येते, "तिचे घर लांब पडते." खरेच लांब आहे का? की तिच्या माठातले पाणी प्यायचे नाही म्हणून घर लांब झाले? खरे कारण स्वतःशी बोलणे, इथूनच सत्य सुरू होते.

तिला कोणी मारले नाही, शिवीही दिली नाही. तरी चहा आला की तिचा कप वेगळा ठेवला, हळदीकुंकवाला विधवा बाईला वगळले, तर तो घाव मनावर बसतोच. हात न उचलणे ही अहिंसेची पहिली पायरी झाली. कोणाचा अपमान न करणे ही दुसरी.

यावर भांडण करायची गरज नाही. गटाच्या वहीत सगळ्यांची नावे क्रमाने लिहा आणि त्याच क्रमाने बैठक फिरवा. जिचे घर लहान असेल तिच्या अंगणात बसा. एखादीला तिथले पाणी प्यायला जड जात असेल, तर तिला चारचौघींत टोचून बोलू नका. आपण मात्र प्या, आणि पुढच्या वेळी तिला सोबत घेऊन जा. सासूबाई घरी रागावल्या तर त्यांनाही एकदा बैठकीला आणा.

अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे. 26 जानेवारी 1950 पासून लागू असलेल्या आपल्या संविधानाच्या 17 व्या कलमाने ती बंद केली आहे. पण कायदा आपल्या चुलीपर्यंत रोज येत नाही. तिथे आपण असतो. तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याची बैठक जिची पाळी आजवर टळली तिच्या घरी ठरवा.