पास्तेल अस्तेका : थरांचें जेवण



ज्याचें आयुष्य मुलांना भूगोल शिकविण्यांत गेलें, त्यानें पाकशास्त्रावर बोलावयास उभें राहावें हें कांहीं जणांना विपरीत वाटेल. परंतु देशाचा भूगोल नकाशापेक्षां ताटांत लवकर कळतो, असें माझें जुनें मत आहे. आणि सेवानिवृत्तीनंतर स्वयंपाकघरांत माझी थोडीफार ये-जा सुरू झाल्यापासून तें अधिकच दृढ झालें आहे.

आज ज्या पदार्थाविषयीं सांगणार आहें तो मेक्सिको देशांतला. त्याचें नांव पास्तेल अस्तेका. पास्तेल म्हणजे केक आणि अस्तेका म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांचा. कोणी त्याला बुदिन अस्तेका, म्हणजे अ‍ॅझ्टेक पुडिंग, असेंहि म्हणतात. गोड मात्र तो मुळींच नाहीं. मक्याच्या पातळ भाकऱ्या, टोमॅटो-मिरचीचा दाट रस्सा, घेवडा किंवा कोंबडी, साय आणि चीज यांचे एकावर एक थर रचून तो भट्टींत भाजतात, आणि चौकोनी तुकडे कापून वाढतात.

नांवावरून हा पदार्थ फार पुरातन असावा असें वाटतें, तसें नाहीं. हर्नान कोर्तेस १५१९ सालीं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, आणि १५२१ सालीं तेनोच्तित्लान ही अ‍ॅझ्टेकांची राजधानी पडली. त्यापूर्वीं त्या देशांत गाय नव्हती, शेळी नव्हती. मग साय आणि चीज कोठून असणार? कांदा, लसूण आणि कोंबडी हींहि स्पॅनिश लोकांनींच तिकडे नेलीं. उलट मका, मिरची, टोमॅटो आणि घेवडा हीं तेथलीं मूळचीं; ‘टोमॅटो’ हा शब्ददेखील अ‍ॅझ्टेकांच्या नाउआत्ल भाषेंतून आला आहे. म्हणजे एका तुकड्यांत दोन खंडांचा माल आहे. आपला या व्यवहाराशीं संबंध नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. मिरची आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकांत, पोर्तुगीज गलबतांतून. तत्पूर्वीं आपले पूर्वज तिखटाची हौस मिऱ्यांवर भागवीत; ‘मिरची’ हें नांवहि त्या मिऱ्यावरूनच पडलें.

या पदार्थाचा पाया म्हणजे मक्याची भाकरी. तिला तोर्तिया म्हणतात, आणि तिच्यांत एक युक्ति आहे. किलोभर वाळलेल्या मक्यास सुमारें १० ग्रॅम खाण्याचा चुना, तोच आपण विड्याला लावतों तो, आणि तिप्पट पाणी घालून तो अर्धा-पाऊण तास मंद आंचेवर उकळतात व रात्रभर तसाच ठेवतात. सकाळीं टरफलें आपोआप सुटतात. तीं चोळून, मका पुष्कळ पाण्यांनीं धुऊन, मग तो वाटावयाचा. वाटण्याचा दगड म्हणजे मेताते. आपल्या पाट्याचाच भाऊ, फक्त त्याला तीन पाय असतात. तव्याला कोमाल म्हणतात. चुन्यामुळें पिठाला चिकटपणा येतो व भाकरी हवी तितकी पातळ थापतां येते. आपल्या बाजारांतील मक्याचें पीठ थापतांना कडेला फुटतें, कारण त्याला हा संस्कार झालेला नसतो.

पण गोष्ट केवळ थापण्याची नाहीं. मका युरोपांत गेला. चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाहीं. मक्यांतील नियासिन नांवाचें जीवनसत्त्व चुन्याच्या संस्कारावांचून शरीराला पुरेसें मिळत नाहीं. त्यामुळें स्पेन, उत्तर इटली, आणि पुढें अमेरिकेचीं दक्षिणेकडील संस्थानें, येथें जवळजवळ मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग पसरला. कातडी सोलवटावी, अतिसार व्हावा, आणि अखेरीस बुद्धीला भ्रंश व्हावा, असा त्याचा क्रम. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्यानें १७३५ सालीं तो पाहून नोंदविला. तो जंतूंचा नसून अन्नाचा रोग आहे हें जोसेफ गोल्डबर्गर यानें १९१४ पासून खटपट करून दाखविलें, आणि १९३७ सालीं कॉनराड एल्वेजेम याच्या संशोधनानें त्यावरील नेमकें द्रव्य हातीं लागलें. मेक्सिकोंतल्या बायकांना यांतलें रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण त्यांच्या हंड्यांत चुना होता.

या चांगल्या रीतीची किंमत मात्र त्या बायकांनींच मोजली. विसाव्या शतकांत मक्याच्या गिरण्या गांवोगांव येईपर्यंत खेड्यांतली बाई पहाटेपासून कित्येक तास मेतातेपुढें गुडघे टेकून असे, आणि जेवणाच्या वेळीं पुन्हां कोमालपुढें; कारण तोर्तिया गरमच हवी! हें चित्र आपल्याला परकें नाहीं. तव्यावरची पोळी तशीच ताटांत पडावी, यांत आपण मोठा सुग्रणपणा मानतों. आणि ती वाढणारी स्वतः सर्वांच्या मागून, निवलेल्या आमटीशीं, एकटी जेवते. मला हा सुग्रणपणा वाटत नाहीं, जुलूम वाटतो. थरांचा हा पदार्थ आज निवडण्याचें कारण तेंच. तो आधींच रचून ठेवतां येतो, भट्टींत आपला आपण भाजतो, आणि करणारा माणूस सर्वांबरोबर पहिल्या पंगतीला बसूं शकतो. शिवाय त्याला ताजी तोर्तिया लागत नाहीं. कालची असली तर उत्तमच. शिळ्या पोळीला फोडणी देऊन आपण जें करतों, तेंच तेथें तोर्तियाचे तुकडे तळून व रश्शांत घोळून करतात. त्याला चिलाकिलेस म्हणतात. पास्तेल हा त्याचाच जरा नटून आलेला नातेवाईक समजा.

आतां कृति. सहा माणसांस १८ लहान तोर्तिया पुरतात. त्या न मिळाल्यास मक्याच्या आदल्या दिवशींच्या पातळ भाकऱ्या घ्याव्या. गव्हाच्या पोळ्याहि चालतात. पण त्या लवकर मऊ पडतात, आणि मक्याचा वास नसला म्हणजे निम्मी मजा जाते. पाव किलो राजमा रात्रीं भिजत घालावा. सकाळीं तें पाणी टाकून दुसऱ्या पाण्यांत प्रथम दहा मिनिटें चांगला खळखळून उकळावा आणि मग मऊ शिजवावा. हें उकळणें आळसानें टाळूं नये; अर्धकच्च्या राजम्यांत असें द्रव्य असतें कीं त्यानें वांत्या होतात. शिजलेला राजमा मीठ व जिरेंपूड घालून अर्धवट ठेचावा.

रश्शासाठीं किलोभर पिकलेले टोमॅटो, एक मोठा कांदा आणि चार लसणीच्या पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजाव्या. पांच-सहा सुक्या मिरच्या, आपली ब्याडगी येथें फार शोभते, गरम पाण्यांत भिजवून सर्व एकत्र वाटावें. मग मेक्सिकन स्वयंपाकांतली खरी खूण : पातेल्यांत दोन चमचे तेल तापवून तें वाटण त्यांत एकदम ओतावें. तें चर्र करून उठतें. पंधरा मिनिटें ढवळीत राहिलें म्हणजे त्याचा कच्चेपणा जातो आणि रंग गडद होतो. तेथें पोब्लानो नांवाच्या मोठ्या हिरव्या मिरच्या विस्तवावर भाजून, सोलून, त्यांच्या पट्ट्या थरांत घालतात. आपण तीन ढोबळ्या मिरच्या तशाच भाजून घ्याव्या. तिखटपणा थोडा उणा पडेल, इतकेंच.

तोर्तिया मात्र कोरड्या रचूं नयेत. प्रत्येकीला थोड्या तेलांत दोन्ही बाजूंनीं कांहीं क्षण परतावें. कुरकुरीत करावयाची नाहीं. तेलाचा हा पातळ लेप नसला तर रस्सा आंत शिरून सर्वाचा लगदा होतो. नंतर खोलगट भांड्याच्या तळाशीं थोडा रस्सा, त्यावर सहा तोर्तिया एकमेकींवर किंचित् चढवून, त्यावर निम्मा राजमा, मिरचीच्या पट्ट्या, मूठभर मक्याचे उकडलेले दाणे, रस्सा, साय आणि किसलेलें चीज. असाच दुसरा थर. तिसऱ्या तोर्तियांवर उरलेला रस्सा, साय व चीज. एकूण चीज पाव किलो आणि साय एक वाटी पुरे. मेक्सिकोंत यासाठीं चिवावा प्रांताचें चीज पुष्कळांना आवडतें. गंमत अशी कीं तें १९२२ सालापासून कॅनडांतून तेथें येऊन वसलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनीं नांवारूपास आणलें. आपण साधें चीज घेऊन त्यांत कुस्करलेलें पनीर मिसळावें.

भट्टी १८० अंश सेल्सिअसवर आधीं तापवून त्यांत हें भांडें अर्धा तास ठेवावें. ज्यांच्या घरीं भट्टी नाहीं त्यांनीं जाड बुडाचें झांकणाचें पातेलें तव्यावर ठेवून, खालीं मंद आंच द्यावी. वरचें चीज तांबूस होणार नाहीं, पण चवींत फार अंतर पडत नाहीं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटें हात लावूं नये, नाहींतर कापतांना थर घसरतात.

टेक्सस संस्थानांत माझ्या मुलाच्या घरीं याची एक अमेरिकन आवृत्ति मीं पाहिली. तींत रस्सा डब्यांतला आणि चीज टोपलीभर. ती सोपी खरी, पण चुन्याच्या मक्याचा आणि भाजलेल्या टोमॅटोचा वास त्या चिजाखालीं गुदमरतो. तो टेक्सस एके काळीं, १८३६ पर्यंत, मेक्सिकोचाच भाग होता, हें जातां जातां सांगून ठेवतों.

मेक्सिकोंत मुख्य जेवण दुपारीं दोन ते चारच्या सुमारास होतें आणि रात्रीचें हलकें असतें. जेवण आटोपल्यावर ताटें न उचलतां गप्पा मारीत बसण्याला त्यांच्याकडे ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. आमच्या घरीं रविवारीं हें करतात. त्या दहा मिनिटांत मी कोशिंबिरीला लिंबू पिळतों, आमच्या कुटुंबाला आधीं पाटावर बसवितों, आणि मग सुरी हातांत घेतों.