पायांनी मेलेलं झाड
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणातून)



ऑस्ट्रेलियात जाऊन काय पाहिलंत, असं पुष्कळांनी विचारलं. आम्ही झाडं पाहिली. हसू नका, ऐका.

आमची मुलगी आणि जावई पर्थ शहरात नोकरीला असतात. सुट्टीत त्यांनी आम्हा उभयतांना व नातीला मोटारीने चारशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, वॉलपोल गावाजवळच्या जंगलात नेलं. ही मूळची नूंगार आदिवासींची भूमी. तिथे टिंगल नावाचे वृक्ष आहेत. नीलगिरीच्याच कुळातले, पण तांबडा टिंगल 75 मीटरपर्यंत वाढतो. बुंध्याचा घेर 20 मीटर! जगात तो त्याच टापूत उगवतो.

एवढं प्रचंड झाड, पण मुळं उथळ. वणव्याने बुंधा आतून पोकळ होतो, तरी सालीलगतच्या जिवंत भागावर झाड तग धरतं. अशाच एका पोकळ बुंध्यात लोक मोटार घालून फोटो काढीत. चाकांनी, पायांनी माती दबली, मुळं गुदमरली आणि 1990 साली ते झाड कोसळलं. कुऱ्हाडीने नव्हे, कौतुकाने आलेल्यांच्या पायांनी मेलं!

आता यावर सोपा उपाय कोणता? कुंपण घाला, 'प्रवेश बंद'ची पाटी लावा. ही पाटी आपल्याला नवी नाही. तिथे तसं केलं नाही. 1996 साली माणसांनाच जमिनीवरून वर उचललं. उंच खांबांवर साठ-साठ मीटरचे पोलादी पूल टाकले. खाली दरी उतरत जाते, पूल हळूहळू चढत जातो आणि माणूस 40 मीटर उंचीवर पोचतो. चढ इतका बेताचा, की चाकाची खुर्चीही जाते.

आमच्या मंडळींचे गुडघे गेलेले. चाळीचा जिना म्हणजे त्यांना शिक्षाच. "तुम्ही जा, मी खाली बसते," म्हणाल्या. लेकीने ऐकलं नाही. खुर्चीत बसवलं, आम्ही ढकलू लागलो. पायाखाली जाळी, तिच्यातून खोल दरी दिसते. त्यात पूल झुलतो, मुद्दामच तसा बांधलाय म्हणे. सारा जन्म यंत्रांच्या थरथराटात गेला, तरी आमची नजर आपली सांध्यांवर, बोल्टांवर! नात पुढे पळाली. मंडळी म्हणाल्या, "अहो, बोल्ट काय मोजताय? ढकला की!"

वर पोचल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "झाडाचा शेंडा असा समोरून कधी पाहिलाच नव्हता."

उतरल्यावर त्यांनी आणखी एक फेरी मागितली. मारली.