मोरीचे पाणी कुठे जाते?



आज आपण घराच्या डागडुजीविषयी बोलू. त्यातही मोरीविषयी जास्त. मोरी हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. घर खचायला सुरुवात होते ती बहुधा छपरापासून, नाहीतर मोरीपासून. छप्पर गळते ते डोक्यावर, म्हणून तिकडे लक्ष जाते. मोरी गळते ती पायाखाली. तिच्याकडे कोण पाहतो?

आपल्याकडची जुनी घरे आठवा. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर धाबे, मागे परसात चार दगड मांडून केलेली न्हाणी. पाणी विहिरीवरून डोक्यावर यायचे. घरात पाणीच थोडे, मग भिंतीत मुरणार तरी किती? आता नळ आला. काही गावांत नळयोजना आधीच होत्या, आणि २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यावर आणखी कितीतरी घरांत तोटी बसली. न्हाणी परसातून घरात आली. लेकीसुनांना आडोसा मिळाला, हे फार चांगले झाले. पण पाणी आत आणायची जशी सोय झाली, तशी ते बाहेर घालवायची झाली नाही. भिंत आजोबांच्या काळची आणि पाणी आजचे, असा हा संसार आहे.

आपला बुलढाणा जिल्हा म्हणजे दोन मुलूख. घाटावर चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. घाटाखाली काळी जमीन खोल. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर बसलेली भिंतही तिच्याबरोबर हलते. त्यात पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा. तिथले पाणी खारट, मातीही खारवट. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी सुटते, रंग फुगतो, गिलावा पडतो. आपण म्हणतो, लोणा लागला. पुष्कळ जण तर म्हणतात, “लोणा लागला, आता त्याले काय करता बाप्पा?”

करता येते. पण आधी लोणा म्हणजे काय ते समजून घ्या. जमिनीतले किंवा मोरीतले पाणी भिंत खालून शोषून घेते. दिव्यातली वात तेल ओढते, तसे ते वर चढते. पाण्यात क्षार असतात. पाणी हवेत उडून जाते आणि क्षार भिंतीत राहतात. तिथे त्यांचे खडे बनतात, ते खडे फुगतात आणि गिलावा आतून फोडतात. म्हणजे लोणा हा रोग नव्हे, ती पाण्याची खूण आहे. पाणी न थांबवता वरून नवे सिमेंट थापले, तर पैसे गेलेच म्हणून समजा. भिंत मातीची असेल तर अधिकच वाईट. सिमेंट मातीला धड चिकटत नाही आणि भिंतीला वाळूही देत नाही. ओल आत कोंडते आणि सिमेंटाच्या वर हातभर नवा लोणा उगवतो. मातीच्या भिंतीला माती, भुसा आणि शेण यांचा लिंपा, नाहीतर चुना. हे जुने म्हणून सांगत नाही, ते भिंतीला श्वास घेऊ देते म्हणून सांगतो. लोणा कोरड्या ब्रशाने झाडून सुपलीत घ्या आणि बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका. धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो.

गंमत अशी की, हाच खार धाब्यावर आपल्या कामी येतो. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरतात ना? ती पाण्याने चिकट होऊन भेगा बुजवते. जे पायथ्याशी वैरी, ते माथ्यावर मित्र.

आता मोरी. ओल दिसली की आधी पाणी कुठून येते ते शोधा. मोरी पक्की, फरशीची असेल तर रात्री पाणी जायचे भोक चिंधीने घट्ट बुजवा. दोन बोटे पाणी भरा. पाण्याच्या काठाशी खडूने रेघ मारा. सकाळी पाणी रेघेच्या बरेच खाली गेले असेल, तर फरशीचे सांधे गळतात. पाणी जागच्या जागी आहे आणि भिंत तरी ओली, तर दोष बहुधा भिंतीतल्या नळीचा. मातीच्या भिंतीला लागून मोरी असेल तर मात्र पाणी भरून ही परीक्षा करू नका.

सांधे गळत असतील तर हे काम घरचा माणूस करू शकतो. छिन्नीने जुना भुसभुशीत माल अर्धा इंच खोल काढा. सांधा झाडा, धुवा, ओला ठेवा. एक घमेले सिमेंट, तर तीन घमेली बारीक स्वच्छ वाळू, हे प्रमाण. सांध्याला घमेलेभर माल लागत नाही, वाटीने मोजा. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. वाळू आणि पाणी दोन्ही गोडे हवे. खाऱ्या पाण्यात कालवलेला माल म्हणजे आपल्याच हाताने पेरलेला लोणा. फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मालाची गोलाई द्या, सर्वांत जास्त पाणी तिथूनच मुरते. मग सात दिवस ओले गोणपाट अंथरून ठेवा. “सिमेंट दुसऱ्या दिवशी कडक झाले, आता काय!” असे म्हणू नका. ते कडक दिसते, पण पक्के झालेले नसते.

सिमेंट आणताना पोते वाचा. आता आपल्याला वाचता येते, त्याचा उपयोग इथे करा. पोत्यावर वजन ५० किलो छापलेले असते, भारतीय मानक ब्युरोची खूण असते, आणि सिमेंट केव्हा बनले तो आठवडा किंवा महिना आणि साल असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नका. ओलीच्या जागी ठेवलेले तर मुळीच नको. हात घालून पाहा, गुठळ्या लागल्या की परत करा.

फरशीला उतार किती? चार फुटांत एक इंच. मुलाची गोटी ठेवून पाहा, ती भोकाकडे घरंगळली पाहिजे. उतारच चुकला असेल तर मात्र फरशी उचलावी लागते. तिथे गवंड्याला बोलवा. त्याची थापी आणि ओळंबा यांची किंमत आहे, ती द्यावी. तो मोरबीची चकचकीत टाईल दाखवील. भिंतीला बसवा, शोभते. पायाखाली मात्र खरखरीत फरशीच हवी. घरात म्हातारे माणूस असेल तर धरायला एक मजबूत दांडी भिंतीत बसवून घ्या. साबणाच्या पाण्यावर पाय सरकून कंबरेचे हाड मोडले, तर सगळ्या मोरीच्या खर्चाहून दवाखान्याचा खर्च मोठा.

तोटी ठिबकत असेल तर तिच्याखाली तांब्या ठेवा. तासात लिटरभर पाणी जमले, तर दिवसाचे चोवीस लिटर झाले. उन्हाळ्यात गावात टँकर येतो तेव्हा हे चोवीस लिटर आठवतात! साध्या तोटीत बहुतेक वेळा वायसर झिजलेला असतो. आधी मागचा कॉक बंद करा, मग पान्याने तोटीचे डोके उघडा. जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा. सांध्यातून पाणी येत असेल तर आट्यांवर टेफलॉनची पट्टी गुंडाळा. आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर बसवताना ती उलगडते.

आता जिवाचे. मोरीतले डाग काढायला तेजाब वापरतात, आणि वास जावा म्हणून ब्लिचिंग पावडर. ही दोन्ही कधीही एकत्र करू नका. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. पाणी तापवायची विजेची सळई आधी बंद करा, खटक्यातून काढा, मगच पाण्यात हात घाला. मोरीतली वायर, बटणे, अर्थिंग हे घरच्याने करायचे काम नाही. आणि संडासाची टाकी तुंबली तर आत कोणी उतरू नये, दुसऱ्याला पैसे देऊन उतरवू नये. आतला वायू दिसत नाही, आणि वर ओढून काढायला गेलेलाही त्यातच जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे.

भिंतीला भेग असेल तर लगेच बुजवू नका. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. काळ्या जमिनीवरची भेग उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. ती तेवढीच राहिली तर चुन्याने भरता येईल. रेघ ओलांडून पुढे गेली, किंवा तिच्यात बोट जाऊ लागले, तर जाणत्याला दाखवा. त्या भिंतीखाली खाट टाकू नका.

शेवटी, बाहेर निघालेले पाणी कुठे घालावे? भिंतीलगत सोडू नये, संडासाच्या खड्ड्यातही सोडू नये. तो खड्डा लवकर भरतो. घाटावर मुरुमात शोषखड्डा चांगला चालतो. काळी जमीन पाणी लवकर पीत नाही. तिथे नाली काढून केळीला, अळूला द्यावे. शोषखड्डा केलाच तर विहीर आणि हातपंप यांच्यापासून निदान पन्नास फूट दूर.

धाब्याचे काम मृगाच्या आधी उरका. मोरीचे काम मात्र दिवाळीनंतर काढा. तेव्हा विहिरीला पाणी असते, गोणपाट ओले ठेवता येते. आणि एक गोष्ट पुरुष मंडळींनी लक्षात घ्यावी. काम काढायच्या आधी घरच्या बायांना विचारा की हे सात-आठ दिवस तुम्ही आंघोळ कुठे कराल? शेजारी सोय असेल तर शब्द टाकून ठेवा. नसेल तर परसात तट्ट्यांचा आडोसा आधी उभा करा, मग छिन्नी हातात घ्या.