नळजोडणीची पावती
(मानकोली येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला "पाणीप्रश्न" हा विषय दिला. हा विषय फार मोठा आहे आणि मोठ्या विषयावर बोलणे सोपे असते. श्रोते टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. म्हणून मी त्यातला एक लहान तुकडा घेणार आहे. घरात नळ घेताना आपल्याकडून जे पैसे घेतले जातात ते कोणते, कोणाच्या अधिकाराने, आणि त्यावर आपण काय विचारू शकतो, एवढेच.

मी नोकरीची बरीच वर्षे हिशेब तपासण्यात घालवली. त्यामुळे आजही लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक भगिनी आल्या. त्या धुणीभांडी करून संसार चालवतात. नळासाठी त्यांनी दोन हप्त्यांत पैसे भरले होते, पण हातात कागद एकही नव्हता. पैसे घेणाऱ्याने वहीत टिपून घेतले होते म्हणे. नळ येईना म्हणून त्या विचारायला गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की ती गावाची लोकवर्गणी होती. पुन्हा गेल्या तेव्हा ती अनामत झाली. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा तो रस्ता फोडण्याचा खर्च झाला. गावाचे नाव मी सांगणार नाही, कारण तसे प्रकार एकाच गावात होतात असे नाही. बाईंनी मला विचारले, "दादा, पैसे तेच, मग नाव सारखं बदलतं कसं?" मला वाटते, या एका प्रश्नात सगळे व्याख्यान आले.

पैशाला कायद्यात नाव असते. भारतीय संविधानाच्या २६५व्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. विद्यार्थ्यांनी हा अनुच्छेद पाठ करावा. तो एका ओळीचा आहे. गावात हा अधिकार येतो ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधून. त्याच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला कोणते कर आणि कोणती फी बसवता येते त्याची यादी आहे. त्यात पाण्याच्या दोन पट्ट्या आहेत. एक सामान्य पाणीपट्टी. ती गावाच्या पाण्याच्या सोयीसाठी घराजमिनीवर किंवा सोयीच्या अन्य रीतीने बसते. दुसरी विशेष पाणीपट्टी. ती नळाने पाणी दिल्याबद्दल असते. आपल्याकडे मागितलेली रक्कम यांपैकी कशात बसते, अनामत असेल तर ती परत कधी मिळणार, वर्गणी असेल तर कोणत्या योजनेची, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

कर आणि शुल्क यांतला फरकही समजून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात तो सांगितला. (हे शिरूर आपल्या पुणे जिल्ह्यातले नव्हे, तो मठ तेव्हाच्या मद्रास राज्यातला.) कर म्हणजे सर्वांनी उचलायचा सामाईक भार. शुल्क म्हणजे विशिष्ट सेवेबद्दल घेतलेली रक्कम, आणि त्या सेवेच्या खर्चाशी तिचे नाते असले पाहिजे. पुढे १९८३ साली त्याच न्यायालयाने हे थोडे सैल केले. रुपयाला रुपया जुळवायची गरज नाही, वाजवी संबंध असला म्हणजे पुरे. तरीही मुद्दा उरतोच. अर्धा इंची नळी, एक तोटी, चार हात खोदाई, आणि रक्कम मात्र दोन महिन्यांच्या मजुरीएवढी, असे असेल तर हिशेब मागायला आपल्याला जागा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे वकिली बोलणे आमच्या काय कामाचे? बंधूंनो, आपल्या चळवळीचा पाण्याशी संबंध आला तोच मुळी सार्वजनिक पैशाच्या मुद्द्यावर. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात अस्पृश्यांना पाणवठे, विहिरी, धर्मशाळा खुल्या करा असे होते, पण कोणत्या? ज्या सार्वजनिक पैशातून बांधल्या आणि राखल्या जातात, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत त्या. म्हणजे दयेचा प्रश्न नव्हता, हिशेबाचा होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग दिवाणी दावा, अपिले, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने. दहा वर्षे! सत्याग्रहाचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. त्या दहा वर्षांच्या तारखा आणि कागदपत्रे मात्र कोणाला आठवत नाहीत. मला तीही तितकीच मोलाची वाटतात.

आता आपल्या भागाकडे पाहू. मुंबईचे पाणी शहापूर तालुक्यातून आपल्या भिवंडी तालुक्यातून जाते. जवळच्या गुंदवलीहून ते जमिनीच्या पोटातल्या बोगद्याने भांडुपला पोचते. उल्हास नदीचे पाणी शहाड-टेमघर योजनेतून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांना आणि आपल्या तालुक्यातल्या अनेक गावांना मिळते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गोदामे उभी राहिली, त्यात हमाली करणारी, मालाची बांधाबांध करणारी माणसे चाळीत भाड्याने राहू लागली. त्यांना कोणी करदाता म्हणत नाही. पण घरमालकाची घरपट्टी भाड्यातूनच निघते ना? शिवाय गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो, घर स्वतःचे असो वा भाड्याचे.

आणि घर नियमित नसले तर? या प्रश्नाचे उत्तर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिले. पाणी हक्क समितीने मुंबई महानगरपालिकेविरुद्ध ती याचिका केली होती. बेकायदा झोपडीत राहतो एवढ्याच कारणावरून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, जगण्याच्या हक्कात पाणी येते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र अशा लोकांकडून जास्त दर घेण्याची मोकळीक त्याच निकालात पालिकेला मिळाली. माझे मत विचाराल तर या दुसऱ्या भागाने मला अस्वस्थ केले आहे. हक्क मान्य झाला, पण तो गरिबाला महाग पडू शकतो.

दर वरूनही ठरतात, हे विसरू नये. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. धरणातून घाऊक पाणी कोणत्या दराने द्यायचे त्याचे निकष हे प्राधिकरण ठरवते, आणि त्यापूर्वी लाभधारक जनतेचे म्हणणे ऐकून घ्यावे असे कायद्यातच लिहिले आहे. ऐकायला कोण जाते? कारखानदारांचे प्रतिनिधी जातात, काही अभ्यासू संस्था जातात. आपण जात नाही. याच कायद्यात, दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्या शेतकऱ्याला शेतीच्या पाण्याला दीडपट दर, अशी तरतूद घातली होती. कायदा होताना वाचला नाही तर त्यात काय काय शिरते, याचे हे उदाहरण.

लोकवर्गणीबद्दलही दोन शब्द. केंद्राने २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर केले. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चात गावाचा वाटा १० टक्के धरला आहे; डोंगराळ व वनभागातली गावे आणि निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेली गावे यांच्यासाठी ५ टक्के. हा वाटा पैशात, वस्तूत किंवा श्रमात देता येतो. पाणी समितीत निम्म्या स्त्रिया आणि पाव हिस्सा दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावेत, असेही त्यात आहे. समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी खोटा ठरेन. पाणीपट्टी थकली की पंपाचे वीजबिल थकते, आणि वीज तुटली की ज्याने पट्टी भरली त्याचाही नळ कोरडा पडतो. पट्टी भरायचीच नाही, असे सांगायला मी आलेलो नाही. बिल भरा आणि पावती घ्या. चुकीचे वाटले तर तोंडी भांडण्यापेक्षा लेखी हरकत द्या. नवा कर किंवा नवी फी बसवण्याआधी पंचायतीने ठराव करून जाहीर नोटीस लावायची असते आणि हरकती ऐकायच्या असतात. ती नोटीस वाचणारा माणूस गावात लागतो. आकारणी अन्यायाची वाटली तर कलम १२४ मध्येच पंचायत समितीकडे अपील सांगितले आहे, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. उशीर मात्र करू नका. घरपट्टीचे नियमही कोणी न्यायालयात गेले म्हणूनच २०१५च्या डिसेंबरात बदलले.

त्या भगिनींचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि तीन गोष्टी मागितल्या: ठरावाची प्रत, जमा रकमेची नोंद आणि पावतीपुस्तकाची पाहणी. उत्तर येण्यापूर्वीच एक गृहस्थ त्यांच्या दारात पावती घेऊन आले. रक्कम निम्मीच लिहिली होती. उरलेली अजून मिळालेली नाही.

संस्थेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. महाविद्यालयात जाणाऱ्या चार-पाच मुलामुलींनी ग्रामपंचायतीच्या फलकावरची नोटीस दर आठवड्याला उतरवून आणावी व विहारात लावावी. पुढच्या ग्रामसभेत जोडणीची रक्कम हप्त्यांनी घ्यावी, आणि अनामत व शुल्क यांच्या पावत्या वेगळ्या द्याव्यात, असा ठराव आपल्या सभासदांनी मांडावा. तिसरे म्हणजे, पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून विधवा व निराधार भगिनींच्या नळजोडणीला हातभार लावता येईल का, हा प्रश्न त्याच सभेत लेखी विचारावा.

ज्यांच्याकडे पाण्याच्या जुन्या पावत्या आहेत त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे. चष्मा आणला आहे. ज्यांच्याकडे पावत्याच नाहीत, त्यांनीही थांबावे. जयभीम.