तिथी पाहून चालायची वाट

श्रोतेहो, घड्याळ पाहून आपण गाडी गाठतो, शाळा गाठतो. पण कोकणात एक वाट अशी आहे की तिच्यापुढे घड्याळ लंगडे पडते. तिथे जायचे तर पंचांगच उघडावे लागते. ही वाट म्हणजे रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरची प्रदक्षिणा.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे गाव. त्याच्या दक्षिणेला, महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री जिथे समुद्राला मिळते, तिथे हे क्षेत्र आहे. देवळामागून पायऱ्या चढायच्या आणि मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून थेट समुद्रापर्यंत उतरायचे. पुढे डोंगर उजवीकडे, समुद्र डावीकडे आणि पायाखाली काळा खडक. या खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडलेली दिसतील. ही करणी खाऱ्या पाण्याची. पाणी खडकाच्या छिद्रांत शिरते, उन्हाने वाळते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटा होतो. मुलांना दाखवावा असा हा धडा आहे.

पण हा खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. आणि इथेच माणसे चुकतात.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो होतो. सकाळचे दहा वाजले होते. आम्ही पायऱ्यांकडे निघालो, तोच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हटकले, "मास्तर, आज तिथी कोणती?" आता काय सांगता! आम्ही एम. ए. झालेले, पण तिथी ठाऊक नाही. ते म्हणाले, "चतुर्दशी. साडेदहाला भरती. चार वाजता या." मुले हिरमुसली. तरी आम्ही वर उभे राहून पाहिले. अर्ध्या तासात ज्या खडकावरून आम्ही चालणार होतो, त्यावर लाटा फुटत होत्या. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

त्यांचा हिशेब अगदी सोपा होता. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराला. अमावास्येला पंधरावी तिथी धरा, तोच हिशेब. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजा. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज मागे सरते. पाऊणकीच्या पाढ्यामागचे शास्त्र ते हेच. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी.

मात्र एक लक्षात ठेवा. हा हिशेब अदमासाचा आहे. वारा सुटला की समुद्र पाढे मानत नाही. म्हणून तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय खाली उतरू नये. पाणी ओसरत असताना निघावे आणि ते फिरायच्या आत परतावे. लाटांकडे पाठ करू नये. पावसाळ्यात तर या वाटेचे नावच काढू नये.

प्रदक्षिणा झाली की डोंगराच्या दोन्ही अंगांना पुळणी आहेत, तिथे निवांत बसा. सवड असेल तर बागमांडल्याच्या बाजूने खाडी ओलांडून वेळासला जा. तिथे 2002 सालापासून समुद्री कासवांच्या घरट्यांची राखण चालते. कासवाची मादी रात्री वाळूत येते आणि भरतीच्या रेघेच्या वर खड्डा करून अंडी घालते. तिला पंचांग कोणी शिकवले, सांगा बरे! ती चुकली, तर तिची पिल्ले जन्मण्याआधीच पाण्यात जातात.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि आजच्या तिथीची भरती मुलांकडून काढून घ्या. तुमचे गाव समुद्रापासून शंभर कोस दूर असले तरी हरकत नाही. पाऊणकीचा पाढा मुलांना कंटाळवाणा वाटतो. त्याने कधी जीव वाचतो, हे कळले की तो ती विसरणार नाहीत.