तारांकन कोणाचे, बिल कोणाचे?

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कार्यालयीन इमारतींना तारांकन देण्यास प्रारंभ केला. दर चौरस मीटरमागे वर्षाकाठी किती युनिट वीज खर्ची पडते, ही त्याची कसोटी. परंतु तारांकन ऐच्छिक, आणि बांधकामाची ऊर्जासंहिता प्रायः १०० किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या इमारतींपुरती. उमेळ्यासारख्या गावातील लहान सार्वजनिक शाळा-दवाखाने साहजिकच तिच्याबाहेर राहतात. त्यांचे वीजबिल मात्र जनतेच्याच पैशातून भरले जाते. २०२२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिला. तो वापरला जावा, आणि वसई-विरार महानगरपालिकेने प्रत्येक वास्तूच्या दारावर तिचा वार्षिक वीजवापर लिहावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव न्यावी. कौलारू पडवीचा गारवा जाणणाऱ्या जनतेला हा हिशेब शिकवावा लागणार नाही.